डेस्कटॉप सॉफ्टवेअरला सोशल मीडिया खात्याची परवानगी: ब्राउझर उघडतो, पण कोड परत येत नाही

नौपाडाकर (प्रश्न)

ठाण्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेसाठी विंडोजवरचं छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. सी शार्प, डॉट नेट ८, विनफॉर्म्स. काम इतकंच: गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहातल्या प्रयोगाची तारीख, वेळ आणि पोस्टर एकदा भरलं की पोस्ट संस्थेच्या मॅस्टोडॉन, एक्स आणि फेसबुक पानावर जावी, आणि नाटकाची झलक यूट्यूबवर चढावी.

पोस्ट करण्याचा भाग जमलाय. अडलंय ते परवानगीपाशी (ओऑथ): खातेधारकानं ब्राउझरमध्ये होकार दिला की सेवा एक तात्पुरता कोड देते, आणि तो देऊन सॉफ्टवेअरनं टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा पास, घ्यायचा असतो.

सॉफ्टवेअरच्या खिडकीतच वेबव्ह्यू (आतला छोटा ब्राउझर) उघडून लॉगिन दाखवलं, तर गूगल ‘डिसअलाउड युजर एजंट’ म्हणून हाकलतं. म्हणून बाहेरचा ब्राउझर उघडून १२७.०.०.१ वर (लूपबॅक पत्ता, म्हणजे हेच मशीन) कोड परत घ्यायला लागलो. एका मशीनवर गूगलचं पान उघडतं पण एक पॅरामीटरच नाही अशी तक्रार करतं. दुसऱ्या मशीनवर परवानगी दिल्यावर ब्राउझर फिरत राहतो आणि सॉफ्टवेअर गोठतं, तेही दरवेळी नाही. क्लायंट सीक्रेट (सॉफ्टवेअरची गुप्त ओळखखूण) सध्या एक्झीमध्येच आहे, ते चालेल का? आणि गूगलचं टोकन आठवड्याला मरतंय, ते का?

संस्थेच्या कार्यालयात एकच पीसी आहे, एकच विंडोज लॉगिन, आणि चार कार्यकर्ते तो आलटूनपालटून वापरतात. उत्तर देताना हेही धरा.

---

उपवन_काठ

वेबव्ह्यूचा नाद सोडाच. गूगलनं २०२१ पासून तो दरवाजा लावून घेतलाय, आणि कारण रास्त आहे: वेबव्ह्यू ज्याच्या ताब्यात, त्याला पासवर्डची प्रत्येक कळ आणि सगळ्या कुकीज वाचता येतात, आणि वापरणाऱ्याला पत्त्याची पट्टीही दिसत नाही. युजर एजंट (ब्राउझरची ओळख सांगणारं नाव) बदलून गूगलला फसवायचे उपाय नेटवर सापडतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आज चाललं तरी उद्या प्रयोगाच्या दिवशी बंद पडेल. परवानगीच्या पानावरचा कोड कॉपी करून सॉफ्टवेअरमध्ये चिकटवायची जुनी पद्धतही गूगलनं जानेवारी २०२३ अखेर पूर्ण बंद केली. मॅस्टोडॉनवर ती अजून चालते.

डेस्कटॉपसाठी नियम कुठे लिहिलेत, तर आरएफसी ८२५२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज), ऑक्टोबर २०१७. फार मोठा दस्तऐवज नाही, एका बैठकीत वाचून होतो. सार असं की परवानगी मागायची ती वापरणाऱ्याच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये, आणि उत्तर घ्यायचं लूपबॅक पत्त्यावर.

टीसीपी लिसनर (आलेल्या जोडण्या ऐकणारा कोड) लूपबॅक पत्त्यावर पोर्ट ० देऊन सुरू करा. शून्य दिलं की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट स्वतः निवडते (विंडोजवर साधारण ४९१५२ ते ६५५३५ मधला). तो आकडा वाचून घ्या आणि रिडायरेक्ट यूआरआयमध्ये (परतीच्या पत्त्यात) घाला. ‘लोकलहोस्ट’ हे नाव लिहू नका, आकडेच लिहा. काही मशीनवर ते नाव आधी आयपीव्ही६ च्या पत्त्याकडे जातं आणि तुमचा लिसनर बसलेला असतो आयपीव्ही४ वर. ०.०.०.० वर तर अजिबात ऐकू नका. एक तर नेटवर्कवरच्या इतर मशीननाही तो पोर्ट दिसतो, आणि वर विंडोज फायरवॉल खिडकी उघडून विचारत बसते. ती खिडकी पाहून कार्यकर्ता ‘कॅन्सल’ दाबणार हे लिहून ठेवा.

गूगलच्या कन्सोलमध्ये क्लायंटचा प्रकार ‘डेस्कटॉप अ‍ॅप’ घ्या. त्यात रिडायरेक्ट पत्ता नोंदवावाच लागत नाही, कुठलाही लूपबॅक पोर्ट चालतो. ‘वेब अ‍ॅप्लिकेशन’ घेतलंत तर पोर्टसकट जुळवावं लागेल आणि दर वेळी मिसमॅचची तक्रार येईल. आणखी एक: परवानगी मागताना पाठवलेला रिडायरेक्ट पत्ता आणि नंतर कोड देऊन टोकन घेताना पाठवलेला पत्ता एकच लागतो, पोर्ट आणि शेवटच्या तिरक्या रेघेसकट. पहिल्यात रेघ आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावर माणसं दिवस घालवतात.

आता सीक्रेट. एक्झीमधलं सीक्रेट म्हणजे पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली. डॉट नेटची एक्झी तर डीकंपायलरमध्ये टाकली की मूळ कोडसारखीच वाचता येते, त्यामुळे ते लपवण्यात वेळ घालवू नका. गूगल डेस्कटॉप क्लायंटला सीक्रेट देतं, टोकन घेताना मागतंही, पण ते गुप्त आहे असं स्वतः गूगलच मानत नाही. एक्सवर अ‍ॅपचा प्रकार ‘नेटिव्ह अ‍ॅप’ ठेवलात तर सीक्रेट लागतच नाही. संरक्षण येतं ते पीकेसीईमधून (आरएफसी ७६३६, २०१५).

पीकेसीईत दर वेळी नवीन व्हेरिफायर (गुप्त यादृच्छिक मजकूर) बनवायचा, ४३ ते १२८ अक्षरांचा. क्रिप्टोग्राफिक जनरेटरनं ३२ बाइट काढा, यूआरएल-सेफ बेस ६४ करा, नेमकी ४३ अक्षरं येतात. त्याचा शा-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) काढून पुन्हा तसंच बेस ६४ केलं की चॅलेंज तयार. ब्राउझरबरोबर चॅलेंज जातं, व्हेरिफायर तुमच्याकडेच राहतो आणि टोकन मागताना दाखवायचा असतो. मधल्या मधे कुणी कोड पळवला तरी व्हेरिफायरशिवाय तो निरुपयोगी.

चुका दोनच होतात, पण हटकून होतात. साधं बेस ६४ वापरलं तर अधिकचं चिन्ह, तिरकी रेघ आणि शेवटचं बरोबरचं चिन्ह राहतं. पहिल्या दोघांच्या जागी वजा आणि अंडरस्कोर हवं, आणि बरोबरचं चिन्ह छाटायचं. दुसरी चूक जास्त फसवी आहे: हॅश मूळच्या ३२ बाइटांचा काढला जातो. तो ४३ अक्षरांच्या मजकुराचा काढायचा असतो. दोन्ही चुकांत परवानगीचं पान व्यवस्थित उघडतं, माणूस ‘अलाउ’ दाबतो, आणि शेवटी ‘इनव्हॅलिड ग्रँट’. आरएफसी ७६३६ च्या परिशिष्ट ब मध्ये नमुना व्हेरिफायर आणि त्याचं चॅलेंज दिलंय, तुमचं फंक्शन आधी त्यावर तपासा.

स्टेट पॅरामीटरही (दर वेळी नवा यादृच्छिक मजकूर) पाठवा आणि परत आलेला जुळवून पाहा. नाही जुळला तर कोड वापरू नका, सरळ टाकून द्या.

आठवड्याला मरणारं टोकन: गूगलच्या कन्सोलमध्ये कन्सेंट स्क्रीनची (परवानगीच्या पानाची) स्थिती ‘टेस्टिंग’ असणार. त्या स्थितीत यूट्यूबसारख्या स्कोपचं (मागितलेल्या अधिकाराचं) रिफ्रेश टोकन, म्हणजे नवं अ‍ॅक्सेस टोकन घ्यायला लागणारं टोकन, ७ दिवसांत संपतं, कोड कितीही शुद्ध असला तरी. स्थिती ‘इन प्रॉडक्शन’ करा. पडताळणी केलेली नसेल तर लॉगिनच्या वेळी इशाऱ्याचं पान येईल आणि एकूण १०० वापरकर्त्यांची मर्यादा राहील. चार कार्यकर्त्यांच्या संस्थेला ती पुरून उरते.

---

सीवूड्स_रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर. गोठण्याचं आणि ‘पॅरामीटर नाही’चं मी सांगतो, दोन्ही ओळखीचे रोग आहेत.

पॅरामीटरवाल्या मशीनवर ब्राउझर कसा उघडताय? डॉट नेट कोअरपासून प्रोसेस स्टार्टमध्ये ‘यूज शेल एक्झिक्यूट’ आपोआप खरं नसतं. त्यामुळे नुसता पत्ता दिला की अपवाद फेकला जातो, आणि मग लोक नेटवरून ‘सीएमडी, स्लॅश सी, स्टार्ट’वाला तुकडा उचलतात. सीएमडीला अँपरसँड म्हणजे पुढची आज्ञा. पत्ता पहिल्या अँपरसँडपाशी तुटतो, गूगलकडे एकच पॅरामीटर पोचतो आणि ते बाकीचे मागतं. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता बघा, अर्धवट असेल. शेल एक्झिक्यूट खरं करून सरळ पत्ता द्या, सीएमडी मधे नको.

गोठण्याचं कारण क्रोमची घाई. क्रोम आणि त्याच्या कुळातले ब्राउझर कधीकधी एक जादा जोडणी आधीच उघडून ठेवतात, तिच्यावर काहीच पाठवत नाहीत. तुमचा कोड पहिली जोडणी स्वीकारतो आणि तिच्यावर वाचत बसतो. खरी विनंती, म्हणजे ‘गेट’, तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, मग कोड आणि स्टेट, ती दुसऱ्या जोडणीवर रांगेत उभी असते. म्हणून कधी चालतं, कधी नाही. याचा भाऊ म्हणजे फेविकॉन: ब्राउझर त्या छोट्या चित्रासाठी वेगळी विनंती करतो, आणि तुमचा कोड त्यातच परवानगीचा कोड शोधतो.

उपाय: जोडण्या स्वीकारायचा लूप ठेवा, प्रत्येक जोडणी वेगळ्या टास्कमध्ये वाचा, दोनेक सेकंदांत ओळ आली नाही तर ती जोडणी सोडा. पहिल्या ओळीत तुमचा ठरलेला मार्ग आणि स्टेट असेल तेवढीच विनंती खरी धरा, बाकीच्यांना ४०४. नकार दिला तर कोडऐवजी ‘एरर’ पॅरामीटर येतो, तोही वाचा. नाहीतर ‘डिनाय’ दाबलं की पुन्हा गोठलं. आणि पाच मिनिटांनी लिसनर बंद. माणूस ब्राउझरचा टॅब मिटवून टाकतो तेव्हा काहीच परत येत नसतं.

हे सगळं यूआय थ्रेडवर (खिडकी हाताळणाऱ्या धाग्यावर) चाललं असेल तर तेही काढा.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक खास खड्डा आहे. शेवटी ब्राउझरला ‘परवानगी मिळाली, आता हा टॅब बंद करा’ असं पान पाठवता ना? कंटेंट-लेंग्थ अक्षरांच्या संख्येवरून काढली असेल तर पान अर्ध्यातच तुटतं, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. आधी बाइट करा, मग त्यांची लांबी मोजा. हेडरमध्ये कॅरेक्टर सेटही यूटीएफ-८ लिहा, नाहीतर पडद्यावर चित्रलिपी दिसते. इंग्रजी पानावर हे कधी उघडकीस येत नाही, म्हणून नमुना कोडमध्येही सापडत नाही.

---

नौपाडाकर

सीएमडीचंच होतं, पत्ता तुटत होता. जोडण्यांचा लूप लावल्यावर गोठणंही थांबलं. पानाचा तुटका मजकूर तर ब्राउझरचाच दोष समजून सोडून दिला होता.

आता एक्सचं. दोन तक्रारी आहेत. एक, लॉगिननंतर कधीकधी ‘इनव्हॅलिड’ येतं आणि पुन्हा केलं की चालतं. दोन, टोकन दोन तासांत संपतं. रिफ्रेश केलं की एकदा चालतं, मग तेही नाकारलं जातं. आणि टोकन ठेवायचं कुठे, सध्या सेटिंग्जच्या जेसन फायलीत आहे.

---

कोपरी_पूल

पहिल्या तक्रारीसाठी एक विचारतो: ब्राउझरमधून कोड आल्यावर आणि टोकन मागण्याआधी मधे एखादी खिडकी दाखवताय का, ‘परवानगी मिळाली, पुढे जायचं?’ अशी? एक्सचा कोड ३० सेकंदांतच वापरावा लागतो. माणसानं ‘ओके’ दाबेपर्यंत तो शिळा झालेला असतो. कोड आला की काही न विचारता लगेच टोकन घ्या, अभिनंदन नंतर करा.

दुसरी: परवानगी मागताना ‘ऑफलाइन डॉट अ‍ॅक्सेस’ हा स्कोप घेतलाय म्हणूनच तुम्हाला रिफ्रेश टोकन मिळतंय, ते ठीक. पण एक्सचं रिफ्रेश टोकन एकदाच चालतं. दर रिफ्रेशला नव्या अ‍ॅक्सेस टोकनबरोबर नवं रिफ्रेश टोकनही येतं, आणि जुनं त्या क्षणी बाद. तुमचा कोड नवं अ‍ॅक्सेस टोकन ठेवतोय आणि जुनंच रिफ्रेश टोकन पुन्हा पाठवतोय. उत्तर आलं की पहिलं काम नवं रिफ्रेश टोकन डिस्कवर लिहिणं. पोस्ट वगैरे त्यानंतर. क्रम उलटा ठेवलात आणि मधेच वीज गेली तर पुन्हा लॉगिनशिवाय गत्यंतर नाही.

सॉफ्टवेअरच्या दोन प्रती एकदम उघड्या असतील तर हाच घोटाळा वेगळ्या वाटेनं होतो: दोघी एकाच वेळी रिफ्रेश करतात, एक जिंकते, दुसरी बाद टोकन घेऊन बसते. रिफ्रेशभोवती नाव दिलेला म्यूटेक्स (एका वेळी एकीलाच आत सोडणारं कुलूप) लावा, आणि कुलूप मिळाल्यावर टोकन डिस्कवरून पुन्हा वाचा. कदाचित दुसरीनं ते आधीच ताजं केलेलं असेल.

एक्सच्या पोर्टलवर कॉलबॅक पत्ता अक्षरशः जुळावा लागतो, त्यामुळे गूगलसारखा कुठलाही पोर्ट चालणार नाही. दोन-तीन ठराविक पोर्ट निवडून सगळे नोंदवा, आणि पहिला अडलेला असेल तर पुढचा घ्या.

टोकनची जागा. जेसन फाईल नको. ती फाईल बॅकअपमध्ये जाते, पेन ड्राइव्हवर जाते, ‘जरा बघा ना काय एरर येतेय’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरही जाते. विंडोज क्रेडेन्शिअल मॅनेजर (पासवर्ड ठेवायची विंडोजची तिजोरी) वापरा, पण एक मर्यादा ध्यानात ठेवा: एका नोंदीत २५६० बाइट मावतात, म्हणजे यूटीएफ-१६ मध्ये १२८० अक्षरं. गूगलचं अ‍ॅक्सेस टोकन २०४८ बाइटपर्यंत जाऊ शकतं, रिफ्रेश टोकन ५१२ पर्यंत. सगळ्या उत्तराचं जेसन एका नोंदीत कोंबलं की एखाद दिवशी लिहिणंच फसतं. फक्त रिफ्रेश टोकन तिथे ठेवा, अ‍ॅक्सेस टोकन मेमरीतच राहू द्या. मॅस्टोडॉनचं अ‍ॅक्सेस टोकन लहान असतं आणि सहसा संपत नाही, ते तिथेच ठेवा.

डीपीएपीआय (विंडोजची एन्क्रिप्ट करायची सोय) वापरून फाईल एन्क्रिप्ट करणंही चालेल. तिथे व्याप्ती ‘करंट युजर’ ठेवा, ‘लोकल मशीन’ नव्हे, कारण त्यात मशीनवरचा कुठलाही वापरकर्ता ती उलगडू शकतो. फक्त पासवर्ड विसरला म्हणून अ‍ॅडमिननं विंडोजचा पासवर्ड परस्पर बदलून दिला तर ती फाईल वाचता येत नाही. तेव्हा अपवाद पकडून शांतपणे पुन्हा लॉगिन मागा.

पण खरा प्रश्न तुमच्या पहिल्या पोस्टच्या शेवटच्या ओळीत आहे. चार जण आणि एकच विंडोज लॉगिन! डीपीएपीआय आणि क्रेडेन्शिअल मॅनेजर दोन्ही विंडोजच्या वापरकर्त्यापुरती राखण करतात. तिथे चौघे एकच असतील तर चौघांनाही सगळं खुलं. चार विंडोज खाती करायला दहा मिनिटं लागतात, कटकट नको वाटली तरी करा.

आणि सामाईक पीसीवर हमखास होणारी गोष्ट: ब्राउझरमध्ये आधीच कुणाचं तरी वैयक्तिक खातं उघडं असतं. सॉफ्टवेअर परवानगी मागतं, माणूस न वाचता ‘अलाउ’ दाबतो, आणि संस्थेच्या प्रयोगाची जाहिरात कार्यकर्त्याच्या स्वतःच्या भिंतीवर. त्यावर दोन उपाय, दोन्ही करा. गूगलला ‘प्रॉम्प्ट’मध्ये ‘सिलेक्ट अकाउंट’ पाठवा म्हणजे खातं निवडावंच लागतं. यूट्यूबच्या स्कोपला ते पुढे चॅनेलही निवडायला लावतं आणि टोकन त्या चॅनेलशीच बांधलं जातं. दुसरं, टोकन मिळताच ‘हे खातं कोणाचं’ हे त्या त्या सेवेला विचारा (मॅस्टोडॉनवर व्हेरिफाय क्रेडेन्शिअल्स, एक्सवर युजर्स मी, यूट्यूबवर चॅनेल्सच्या यादीत ‘माइन’) आणि नाव व चित्र मोठ्या अक्षरांत दाखवा. ‘पोस्ट करा’च्या बटणावरच खात्याचं नाव लिहिलंत तर उत्तम. अपेक्षित खात्याचा आयडी एकदा साठवून ठेवा, नंतर वेगळा आला तर जोडूच नका.

---

ऐरोलीकर_डी_ब्लॉक

फेसबुकबद्दल कुणी बोललं नाही, आणि तिथेच सगळ्यात जास्त दमछाक आहे.

आधी अपेक्षा ठरवा. वैयक्तिक भिंतीवर सॉफ्टवेअरमधून पोस्ट करण्याची सोय २०१८ मध्येच काढली गेली. ग्रुपसाठीची एपीआय (सॉफ्टवेअरनं सेवेशी बोलायची सोय) एप्रिल २०२४ मध्ये गेली. उरलं पान, तेवढंच तुम्हाला हवंय, म्हणून निभावेल.

पानावर लिहायला ‘पेजेस मॅनेज पोस्ट्स’ ही परवानगी लागते. अनोळखी लोकांसाठी ती हवी तर अ‍ॅप रिव्ह्यू (फेसबुककडून तपासणी). पण अ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिन, डेव्हलपर किंवा टेस्टर म्हणून नोंदलेल्या माणसाला रिव्ह्यूशिवाय चालते. तुमच्या चौघांपैकी ज्याच्याकडे पानाचा ताबा आहे त्याला अ‍ॅपमध्ये भूमिका द्या. इथे एक गंमत: अ‍ॅप डेव्हलपमेंट मोडमध्ये असताना केलेली पोस्ट फक्त अ‍ॅपमध्ये भूमिका असलेल्यांनाच दिसते. म्हणजे तुम्हाला दिसते, सेक्रेटरीला दिसते, सगळे खूश, आणि प्रेक्षकांपैकी कुणालाच नाही. अ‍ॅप लाइव्ह करा आणि लॉगआउट करून पान तपासा.

टोकनचा जिना असा. लॉगिननंतर मिळतं ते अल्पायुषी वापरकर्ता टोकन, तास-दोन तासांचं. ते अ‍ॅप सीक्रेट देऊन दीर्घायुषी करायचं, साधारण ६० दिवसांचं. त्या दीर्घायुषी टोकननं पानांची यादी मागितली की प्रत्येक पानाचं वेगळं टोकन येतं, आणि त्याला मुदत नसते. पोस्ट करायला हेच वापरायचं. अल्पायुषी टोकनवरूनच पानाचं टोकन घेतलंत तर तेही लवकर मरतं. बहुतेकांची चूक इथेच.

अडचण अशी की मधल्या पायरीला अ‍ॅप सीक्रेट लागतं आणि फेसबुक त्याला खरंच गुप्त मानतं. गूगलसारखी ढिलाई इथे नाही. म्हणून माझं मत: एक लहान सर्व्हर ठेवा, सीक्रेट तिथे राहील, अदलाबदल तिथे होईल, डेस्कटॉपला फक्त पानाचं टोकन मिळेल. सर्व्हर असला की रिडायरेक्टसाठी एचटीटीपीएसचा पक्का पत्ताही मिळतो.

---

उपवन_काठ

चार माणसांच्या संस्थेला सर्व्हर? तो सांभाळणार कोण, सर्टिफिकेट संपलं की बघणार कोण? सर्व्हरवर सीक्रेट आणि अदलाबदल उघडी म्हणजे तिथेही ‘ही विनंती आमच्याच सॉफ्टवेअरकडून आली का’ हा प्रश्न उरतोच. शंभर ग्राहकांना विकायचं असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

इथे एकच पान आहे. विकसकानं आपल्या मशीनवर, ग्राफ एपीआय एक्सप्लोररमधून (फेसबुकच्या चाचणी साधनातून), टोकनची अदलाबदल एकदाच हातानं करावी आणि पानाचं टोकन कार्यालयातल्या पीसीच्या क्रेडेन्शिअल मॅनेजरमध्ये भरावं. सीक्रेट एक्झीत जायचा प्रश्नच येत नाही. टोकन बाद झालं की एरर कोड १९० येतो. तो पकडून ‘फेसबुक पुन्हा जोडायला हवं, अमुकला कळवा’ एवढा संदेश दाखवा.

---

ऐरोलीकर_डी_ब्लॉक

एका पानासाठी मान्य. दुसरी संस्था ‘आम्हालाही द्या’ म्हणाली की माझं ऐका. आणि ती म्हणतेच, ठाण्यात नाट्यसंस्था काय कमी आहेत?

---

सीवूड्स_रात्रपाळी

यूट्यूबबद्दल एक, फार काम व्हायच्या आत. २८ जुलै २०२० नंतर तयार झालेल्या आणि ऑडिट न झालेल्या प्रकल्पातून एपीआयनं चढवलेला व्हिडिओ ‘प्रायव्हेट’च राहतो. परवानगी, टोकन, सगळं बरोबर असूनही. त्यामुळे झलक सरळ यूट्यूब स्टुडिओतून चढवा आणि सॉफ्टवेअरला तिची लिंक द्या. मग यूट्यूबची परवानगी मागायचीच गरज नाही, आठवड्याच्या टोकनची कटकटही गेली. न मागितलेला स्कोप सगळ्यात सुरक्षित.

मॅस्टोडॉनवरही तोच हिशेब: पूर्ण ‘राइट’ घेऊ नका. ‘राइट स्टेटसेस’ आणि पोस्टरसाठी ‘राइट मीडिया’ पुरे, खातं ओळखायला ‘रीड अकाउंट्स’. मॅस्टोडॉनमध्ये प्रत्येक सर्व्हर वेगळा, म्हणून अ‍ॅपची नोंदणीही ज्या त्या सर्व्हरवर करावी लागते. ती कोडमधूनच होते, एका पोस्ट विनंतीत क्लायंट आयडी आणि सीक्रेट हातात. मिळालेलं सर्व्हरच्या नावासकट साठवा, दर लॉगिनला नवी नोंदणी नको. नोंदणीत जे स्कोप दिले त्याबाहेरचे परवानगीच्या वेळी मागितले तर नाकारतं. स्कोप वाढवायचे तर नव्यानं नोंदणी. पीकेसीई मॅस्टोडॉन ४.३ पासून आहे. पोस्ट करताना आयडेम्पोटन्सी-की हेडर पाठवा म्हणजे नेट अडखळल्यावर पुन्हा पाठवलेली पोस्ट दोनदा दिसणार नाही.

---

महापे_एमआयडीसी

कार्यालयांच्या नेटवर्कवर बसवणार असाल तर एवढं पाहा. परवानगीचं पान आणि टोकन देणारा पत्ता हे वेगळ्या डोमेनवर असतात: गूगलचं पान ‘अकाउंट्स’वर, टोकन ‘ओऑथ२ डॉट गूगलएपीआयज’वर; एक्सचं पान मुख्य साइटवर, टोकन ‘एपीआय’वर. फायरवॉलवाला पहिलं उघडतो, दुसरं राहतं. लक्षण असं: लॉगिन सुरळीत, कोड येतो, आणि टोकनच्या विनंतीला टाइमआउट. कोडमध्ये शोधत बसू नका, आयटीवाल्याला दोन्ही डोमेन लिहून द्या.

जुना पीसी असेल तर घड्याळही बघा. मदरबोर्डचा सेल (सीआर२०३२) संपला की तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेटच चुकीचं ठरतं. एक्सची जुनी ओऑथ १.०ए पद्धत वापरत असाल तर तिथे सहीत वेळ असते, तेव्हा घड्याळ भरकटलं तरी ४०१ येतो.

लॉगमध्ये परत आलेला पूर्ण पत्ता छापू नका, त्यात कोड असतो. टोकनची शेवटची चार अक्षरं छापा, ओळखायला तेवढी पुरतात.

---

नौपाडाकर

यूट्यूब काढून टाकतो, लिंकच घेईन. एक्समध्ये मधे खिडकी होती, ‘पुढे जायचं?’ हेच शब्द. फेसबुक हातानं करतो.

शेवटचं: चौघांतला एखादा संस्था सोडून गेला तर काय काय बंद करावं लागेल?

---

कोपरी_पूल

सॉफ्टवेअरमध्ये ‘खातं काढा’ बटण द्या आणि ते दाबल्यावर फक्त स्थानिक नोंद पुसू नका. आधी त्या सेवेच्या रिव्होक (टोकन रद्द करायच्या) पत्त्याला टोकन पाठवा, मग पुसा. मॅस्टोडॉन आणि एक्स दोघांकडे तो पत्ता आहे. नेट नसेल तर पुसणं थांबवा, उलट क्रमानं केलंत तर टोकन तिकडे जिवंत आणि तुमच्याकडे रद्द करायला हातात काही नाही. पीसीच चोरीला गेला तर वेबवरून: मॅस्टोडॉनच्या प्राधान्यांत अधिकृत अ‍ॅप्सची यादी असते, एक्सच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या अ‍ॅप्सची; तिथून काढा.

गेलेल्या माणसाला संस्थेच्या एक्स आणि मॅस्टोडॉनचा पासवर्ड माहीत असेल तर तो बदला, आणि टू-फॅक्टर त्याच्या फोनवर असेल तर ते आधी हलवा. पासवर्ड बदलला म्हणून दिलेली टोकनं आपोआप रद्द झाली असं समजू नका, अ‍ॅप्सची यादी वेगळी तपासा.

फेसबुकचं उलट आहे. पानाचं टोकन ज्याच्या लॉगिनवरून काढलंय त्याचा पानावरचा ताबा काढला, किंवा त्यानं स्वतःचा पासवर्ड बदलला, तर तुमची पोस्ट जाणं तिथेच थांबतं आणि १९० येतो. म्हणून टोकन कोणाच्या लॉगिनवरचं आहे ते सेटिंग्जच्या खिडकीत नावानिशी दाखवा, आणि त्याला निरोप द्यायच्या आधी दुसऱ्याच्या लॉगिनवरून नवं काढून घ्या.

---

नौपाडाकर

ते तर खजिनदाराच्या लॉगिनवर काढणार होतो, आणि त्यांच्या पदाची मुदत मार्चमध्ये संपतेय. सेक्रेटरींच्या लॉगिनवरून काढतो.